पहिलं फील्ड जॅकेट: गोव्याच्या हवेत निवडायचं कसं, ओळखायचं कसं, टिकवायचं कसं

फील्ड जॅकेट, म्हणजे सैनिकांसाठी बेतलेलं मोठ्या खिशांचं दणकट जॅकेट, हातात आलं की लगेच अंगात घालू नका. आधी खिशात हात घाला.

हे मला मामाने शिकवलं. मामा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. निवृत्त झाल्यावर डिचोलीला आमच्या शेजारीच राहायला आला. बाजारातून आणलेलं पहिलं हिरवं जॅकेट मी कौतुकाने त्याला दाखवायला गेले, तर ते अंगावर कसं दिसतं हे त्याने बघितलंच नाही. म्हणाला, "बाय, आधी खिसा दाखव." खिशाच्या तळाशी त्याने दोन बोटं दाबली आणि शिवण टचकन उसवली. आतली पिशवी उशीच्या अभ्र्याइतक्या पातळ कापडाची होती. "यात काडतुसं ठेवली असती तर?" त्याने एवढंच विचारलं आणि जॅकेट घडी करून माझ्या हातात दिलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी ही जॅकेटं बघते, वापरते, दुरुस्त करून घेते. आता ओळखीतली मुलं-मुली विचारायला येतात, म्हणून जे त्यांना तोंडी सांगते ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

गोव्यात जॅकेट लागतंच कुठे, हा पहिला प्रश्न असतो. जानेवारीतही आपल्याकडे पारा २० अंशांच्या फारसा खाली जात नाही, हे खरं. पण केरीवरून चोर्ला घाट चढून पहाटे दुचाकीने बेळगाव गाठायचं असेल, रात्रीच्या एसी बसने पुण्याला जायचं असेल, शिकायला उत्तरेकडे किंवा तारवटी म्हणून बोटीवर जायचं असेल, तर एक दणकट जॅकेट लागतं. आणि एकदा घेतलेलं चांगलं फील्ड जॅकेट पुन्हा घ्यावं लागत नाही.

पहिली पायरी: प्रत्येक शिवणीमागचं कारण समजून घ्या

इतिहास वगळून थेट खरेदीकडे जावंसं वाटेल. तसं करू नका. या कपड्यावर शोभेसाठी लावलेलं जवळजवळ काहीच नाही. कुठला भाग कशासाठी आला हे कळलं की खरं-खोटं, चांगलं-वाईट तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं.

सुरुवात आपल्याच उपखंडात झाली. १८४६ च्या अखेरीस पेशावरला हॅरी लम्सडेनच्या हाताखाली 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी राहिली. इंग्रजी फौज तेव्हा लाल डगल्यांत लढत होती. लम्सडेनने आपल्या माणसांना मातकट रंगाचे सैल कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, म्हणून तो रंग खाकी. सैनिकाने उठून दिसायचं नाही, मातीत मिसळून जायचं, हा विचार तिथून रुजला.

आपण आज ज्याला फील्ड जॅकेट म्हणतो ते मात्र अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिथल्या सैन्याला लांब, लोकरी, परेडला शोभणाऱ्या कोटाऐवजी कामाचं काहीतरी हवं होतं. मेजर जनरल जेम्स पार्सन्स यांच्या पुढाकाराने साध्या नागरी विंडचीटरवर बेतलेलं एक आखूड जॅकेट तयार झालं: वरून सुती पॉपलीन, आतून लोकरी फ्लॅनेलचं अस्तर, पुढे चेन आणि तिच्यावर बटणांची पट्टी. हे एम-१९४१. दिसायला सुटसुटीत, पण लढाईत त्याचे दोष उघडे पडले. कमरेशीच संपत असल्याने वाकलं की पाठ उघडी पडायची. दोनच खिसे. रंग फिका, लांबून दिसणारा. थंडीत अपुरं.

पुढचं जॅकेट, एम-१९४३, माझ्या मते या साऱ्या कथेतलं सगळ्यात मोठं पाऊल आहे. अमेरिकन सैन्याच्या पुरवठा खात्यात जॉर्ज डोरिओ यांच्या विभागाने प्रश्नच बदलला. एक जाड कोट सगळी थंडी अडवेल असा हट्ट सोडून त्यांनी कपड्यांचे थर मांडले. आत लोकरी शर्ट, त्यावर स्वेटर किंवा केसाळ अस्तर, आणि सगळ्यांवर एक घट्ट विणीचं सुती कवच. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेने येते. बाहेरच्या जॅकेटाचं काम फक्त ती हवा वाऱ्याने उडू न देण्याचं. म्हणून कापड घेतलं दर चौरस यार्डाला ९ औंस वजनाचं सुती सॅटीन. साड्यांचं चकचकीत सॅटीन मनात आणू नका. या विणीत पृष्ठभागावरचे धागे इतके खेटून बसतात की वारा आत शिरत नाही. जॅकेट मांडीपर्यंत लांब झालं, चार मोठे खिसे आले, कमरेत आतून नाडी आली. १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या आघाडीवर ३ इन्फन्ट्री डिव्हिजनने ते वापरून पाहिलं आणि पसंत केलं. तरीही युरोपातल्या वरिष्ठांचा जीव आखूड लोकरी जॅकेटात अडकला होता, त्यामुळे त्या हिवाळ्यात अनेक पलटणींना नवं जॅकेट वेळेवर मिळालं नाही.

थरांचं महत्त्व आपल्या सैन्याने १९६२ च्या चीन युद्धात फार कठोरपणे सोसलं. ऑक्टोबरात, आजच्या अरुणाचलात, नामका चू नदीच्या काठी ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे जवान सुती उन्हाळी गणवेशात मोर्चे धरून होते. मामा हे बोलताना अजून गप्प होतो. कपडा ही शेवटी माणसाच्या जिवाची गोष्ट आहे, हे मला तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

एम-१९५१ मध्ये पुढे चेन आणि टिचबटणं आली. आणि १९६५ मध्ये आलं ते जॅकेट, जे तुम्ही फोटोंत सगळ्यात जास्त पाहिलं असेल: एम-६५. त्याचे भाग एकेक करून हात लावून बघा. उभी कॉलर, तिच्या मागे एक चेन, चेनीच्या आत गुंडाळलेली पातळ टोपी. मनगटाला बटणाऐवजी वेल्क्रो, कारण बधिर बोटांनी बटण लागत नाही. बाहीच्या टोकाला आत दुमडलेला कापडाचा त्रिकोण; तो उलटवला की हाताची मागची बाजू झाकली जाते. पाठीवर खांद्यांपाशी खोल चुण्या, म्हणजे हात पुढे ताणले तरी जॅकेट ओढत नाही. कमरेत आणि खालच्या घेरात नाड्या. कापड आता निम्मं सूत, निम्मं नायलॉन. नायलॉनने घासटणं सहन होतं, सुताने अंगाला मऊ लागतं. रंग ओजी-१०७, म्हणजे ऑलिव्ह ग्रीनची १०७ क्रमांकाची छटा. आपल्याकडचे फौजी 'ओजी' म्हणतात तेही याच दोन शब्दांचं रूप, छटा मात्र आपल्या सैन्याची वेगळी.

याच काळात व्हिएतनामच्या जंगलासाठी एक वेगळं, हलकं जॅकेट बनत होतं, आणि गोवेकरांनी त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. जंगल जॅकेट म्हणून ओळखलं जाणारं हे जॅकेट निव्वळ सुती पॉपलीनचं, अस्तराविना, भिजलं तरी पटकन वाळणारं. छातीवरचे खिसे तिरके, म्हणजे पाठीवर सामानाचे पट्टे असतानाही हात आत जातो. सुरुवातीला बटणं उघडी होती. ती फांद्यांत अडकायची, म्हणून नंतर झाकणाखाली गेली. पुढे कापड रिपस्टॉप झालं: ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले, त्यामुळे एखादं भोक पडलं तरी फाट पुढे पळत नाही. उजेडासमोर धरलं की बारीक चौकटी दिसतात.

मग लोक अजूनही हे का घालतात? युद्ध संपलं की गोदामातला उरलेला माल स्वस्तात विकला जायचा; मजूर, विद्यार्थी, मासेमार अशा सगळ्यांना दहा वर्षं टिकणारा कपडा थोड्या पैशांत मिळायचा. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात स्कूटरवरून फिरणाऱ्या पोरांनी लांब शेपटाचा एम-५१ पारका सूट खराब होऊ नये म्हणून वरून घातला आणि तीच त्यांची ओळख झाली. एप्रिल १९७१ मध्ये तर व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनीच वॉशिंग्टनला आपले सैनिकी कपडे घालून आपली पदकं संसद भवनाच्या पायऱ्यांकडे फेकली. ज्या कपड्यात लढले त्याच कपड्यात युद्धाला नाही म्हणाले. एकाच कपड्याच्या वाट्याला इतके उलटसुलट अर्थ येतात तेव्हा तो फॅशनच्या पलीकडे जातो. त्या पिढीतले कितीतरी जण पुढे आपल्या किनाऱ्यावर आले, आणि हणजूणचा बाजार हिप्पींनी आपलं सामान विकता विकताच सुरू झाला.

दुसरी पायरी: आपल्यासाठी कुठलं, ते ठरवा

घाट, लांबचा प्रवास, थंड गाव असा वापर असेल तर एम-६५ किंवा त्याच्या धर्तीचं जॅकेट. आत बटणांनी जोडायचं अस्तर वेगळं मिळतं, गोधडीसारखी टीप मारलेलं, वजनाला अगदी हलकं. गोव्यात असताना ते काढून ठेवायचं. एक गंमत ध्यानात असू द्या: अस्तराला काजं असतात, बटणं जॅकेटाला. त्यामुळे नुसतं अस्तर घातलं तर पुढे बंद होत नाही. मी टेलरकडून त्याला चार बंद लावून घेतले. आता एसी बसमध्ये तेच स्वेटरसारखं घालते.

रोज संध्याकाळी दुचाकीवर, उन्हापासून हात झाकायला, रानात फिरायला हवं असेल तर जंगल जॅकेट. सत्तरीच्या रानात काटे आणि डास दोन्ही अडवायला याहून चांगला कपडा मी वापरलेला नाही.

जर्मन सैन्याच्या जुन्या, मोलस्किन नावाच्या जाड सुती कापडाच्या जॅकेटांचं बाजारात कौतुक ऐकाल. कापड सुंदर, दाट, वर्षानुवर्षं टिकणारं. पण आपल्या दमट हवेत ते धुतल्यावर दोन दोन दिवस वाळत नाही. ते घेऊ नका.

आणि पावसाबद्दल स्पष्ट सांगते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. फील्ड जॅकेट वारा अडवतं, रिमझिम सोसतं. जुलैच्या झडीत ते पाणी पिऊन जड होतं. रेनकोटाला पर्याय म्हणून ते घेऊ नका.

तिसरी पायरी: बाजारात जाण्याआधी मापं लिहून घ्या

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, हंगामात हणजूणचा बुधवारचा आणि हडफड्याचा शनिवार रात्रीचा बाजार, ही बघायची ठिकाणं. काय मिळेल याची खात्री कुठेच नसते. तीन खेपा रिकाम्या हाताने परत यायची तयारी ठेवा. ऑनलाइन घेतलं तर विक्रेत्याकडून पाच फोटो मागून घ्या: पुढून, मागून, आतलं लेबल, चेनीचा रनर आणि खिशाची आतली बाजू. पाचवा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका.

मापाची टेप सोबत न्या. एम-६५ च्या लेबलावर दोन शब्द असतात, छातीचा आणि उंचीचा. स्मॉल म्हणजे ३३ ते ३७ इंच छाती, मीडियम ३७ ते ४१, लार्ज ४१ ते ४५. रेग्युलर म्हणजे ६७ ते ७१ इंच उंची. त्याच्या खाली शॉर्ट, वर लाँग. पण हे आकडे माणसाच्या अंगाचे आहेत, कपड्याचे नव्हेत. जॅकेट स्वेटर आणि अस्तर आत मावेल इतकं सैल बेतलेलं असतं. गोव्यात आपण आत फक्त सुती शर्ट घालणार, म्हणून बहुतेकांना आपल्या मापाहून एक आकडा खालचं बरोबर बसतं. आधी खांदे बघा: शिवण खांद्याच्या हाडावरून थोडी खाली उतरली तर चालेल, दंडावर आली तर नको.

मुलींनी एक्स-स्मॉल किंवा स्मॉल शोधावं, शक्य तर शॉर्ट. माझी छाती ३४, उंची ६१ इंच. स्मॉल-शॉर्ट मला नीट येतं. बाह्या लांब पडल्या तर कापून घेऊ नका. मनगटाच्या टोकाला वेल्क्रो आणि तो हात झाकणारा त्रिकोण आहे. टेलरने बाही कापली की दोन्ही जातात आणि जॅकेट अपंग होतं. आतून एक दुमड घालून हातशिलाई करा, वाटेल तेव्हा उसवता येते.

चौथी पायरी: लेबल वाचा

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त आनंद या पायरीत मिळतो.

अमेरिकन सरकारी जॅकेटात आत, मानेखाली किंवा खिशाजवळ, छापील सुती लेबल असतं. त्यावर कपड्याचं नाव सरकारी पद्धतीने उलटं लिहिलेलं असतं: जुन्या एम-६५ वर 'कोट, मॅन्स, फील्ड', नंतरच्यांवर 'कोट, कोल्ड वेदर, फील्ड'. मग साठा क्रमांक, जो ८४१५ ने सुरू होतो. तो कपड्यांच्या वर्गाचा आकडा. ८४१५ नंतर लगेच दोन शून्यं असतील तर क्रमांक १३ आकडी आहे, म्हणजे जॅकेट १९७४ किंवा त्यानंतरचं. शून्यं नसतील, एकूण ११ आकडे असतील, तर त्याआधीचं.

त्याखाली कंत्राट क्रमांक. 'डीएसए १००' अशी सुरुवात (डीएसए म्हणजे अमेरिकन संरक्षण पुरवठा खातं), मग एक आडवी रेघ, मग दोन आकडे. ते दोन आकडे म्हणजे कंत्राटाचं आर्थिक वर्ष: ६८ असेल तर १९६८. १९७७ मध्ये त्या खात्याचं नाव बदललं, म्हणून पुढच्या लेबलांवर 'डीएलए' येतं. म्हणजे कोणी तुम्हाला 'व्हिएतनामचं जॅकेट' म्हणून डीएलए लेबलाचं विकू लागला, तर तो चुकतो आहे किंवा चुकवतो आहे. शेवटी कंपनीचं नाव: अल्फा इंडस्ट्रीज, सो-स्यू स्टाइल्स, जॉन ओन्बी, गोल्डन मॅन्युफॅक्चरिंग ही नावं एम-६५ वर वारंवार दिसतात.

लेबलाची शाई धुऊन गेलेली असेल तर उन्हात तिरकं धरून बघा, ठसा बऱ्याचदा वाचता येतो.

अल्फा इंडस्ट्रीज सरकारसाठीही शिवायची आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठीही शिवते. साठा क्रमांक आणि कंत्राट क्रमांक नसलेलं अल्फाचं जॅकेट म्हणजे नागरी आवृत्ती. त्यात फसवणूक नाही, फक्त किंमत सरकारी जॅकेटाची देऊ नका. रॉथकोसारख्या कंपन्या नवी, साधी जॅकेटं विकतात. पहिलं जॅकेट म्हणून तीही चालतात. जपानमध्ये बझ रिक्सन्स आणि रिअल मॅकॉयज जुन्या जॅकेटांची धाग्याधाग्याने नक्कल करतात. कारागिरी थक्क करणारी, पण सुरुवात तिथून करू नका.

पाचवी पायरी: चेन, बटणं, कापड

रनरवर नाव शोधा. टॅलन, स्कोव्हिल, कॉनमार ही जुनी नावं. सुरुवातीच्या एम-६५ ला ॲल्युमिनियमची चेन, नंतर पितळी. समुद्राकाठी राहिलेल्या जॅकेटाची ॲल्युमिनियम चेन पांढरी भुकटी धरते, पितळी हिरवट होते. भुकटी वरवरची असेल तर जुन्या टूथब्रशने निघते. दातच खाल्ले गेले असतील तर घेऊ नका, कारण चेन बदलली की जॅकेटाचा जीव निम्मा जातो. चेन पाच वेळा खालीवर करा. टिचबटणं एकेक उघडून लावा, आवाज खणखणीत यायला हवा.

कापडाला तोंड लावून जोरात फुंका. एम-६५ च्या सॅटीनमधून हवा जेमतेम जाते, तरी जाते. अजिबात गेली नाही आणि कापड चमकतंय, तर ते बहुतेक पॉलिस्टर. गोव्यात त्यात अंग शिजतं. कोपर आणि कॉलरची घडी उजेडासमोर धरा, तिथे कापड आधी विरतं. आणि मामाची दोन बोटं खिशाच्या तळाशी.

सहावी पायरी: काय घालायचं नाही

इथे मी ठाम आहे.

आपल्या लष्कराचा नवा डिजिटल नमुन्याचा गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला पहिल्यांदा दिसला. त्याच्या रचनेची नोंदणी लष्कराने केली आहे. त्या नमुन्याचं कापड खुल्या बाजारात विकणंच बेकायदेशीर आहे. कुठे टांगलेलं दिसलं तर हात लावू नका. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाप्रमाणे, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकाचा पोशाख घालणं किंवा चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्कराने नागरिकांना लष्करी नमुन्याचे कपडे घालू नका, दुकानदारांना विकू नका, असं आवाहनही केलं होतं.

गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा आहे, पणजीत २ सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. गणवेशातली माणसं आपल्या रोजच्या रस्त्यावर आहेत. त्यांच्या गणवेशाची नक्कल आपण मिरवू नये. माझा नियम असा: परदेशी, एकरंगी, खुणा काढलेलं. हुद्द्याची पट्टी, पदक, पलटणीचं चिन्ह, काहीही नको. ते कोणीतरी कमावलेलं असतं.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी खास: बार्बाडोस, जमेका, सेंट लुशिया अशा कॅरिबियन देशांत साध्या नागरिकाने ठिपक्याठिपक्यांचा लष्करी छापा घालणंच कायद्याने मना आहे, मग तो टोपीवर का असेना. बॅगेत असा छापा नको.

सातवी पायरी: पहिली धुलाई

जुनं जॅकेट आणलं की कपाटात ठेवण्याआधी धुवा. सगळ्या चेनी आणि वेल्क्रो बंद करा, जॅकेट उलटं करा, बादलीत साध्या पाण्यात तासभर भिजवा. पाणी चहासारखं निघेल, घाबरू नका. मग सौम्य साबण, थंड पाणी. ब्लीच कधीही नको; नायलॉन पिवळं पडतं आणि हिरवा रंग डागाळतो. खळ नको: कापड कडक होतं आणि कसर खळीवरच येते. इस्त्री लागलीच तर मंद, आतल्या बाजूने.

वाळवताना सावलीत, वाऱ्यावर, जाड हँगरवर. भर उन्हात एकाच जागी टांगलं तर खांदे फिके पडतात आणि ती रेघ पुन्हा जात नाही.

आठवी पायरी: पावसाळा

गोव्यात जॅकेटाला सगळ्यात मोठा धोका जून ते सप्टेंबरात असतो. माझं पहिलं चांगलं जंगल जॅकेट मी मे अखेर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटाच्या तळाला ठेवलं. चवथीला उघडलं तर काखेपासून कॉलरपर्यंत करडी बुरशी. कापडातला अंगचा घाम धुतलेला नव्हता, आणि पिशवीत हवा कोंडली होती. बुरशीला आणखी काय हवं असतं?

तेव्हापासून मेच्या कडक उन्हाळ्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच आत ठेवते. प्लास्टिक नाही, जुन्या सुती साडीची पिशवी. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडाला चिकटू देऊ नका. मी वाळलेला कडुलिंब आणि कापडात बांधलेला कोळसा ठेवते. भिंतीला लागून असलेलं लाकडी कपाट असेल तर मागे चार बोटं जागा सोडा. दर पंधरा दिवसांनी, पाऊस उघडलेल्या दुपारी, जॅकेट बाहेर काढून पंख्याखाली तासभर टांगा.

तरीही बुरशी आलीच तर घरात झटकू नका. बाहेर नेऊन, नाकाला फडकं बांधून कोरड्या ब्रशने काढा. मग निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर असं मिश्रण आधी आतल्या कोपऱ्यात लावून रंग सुटत नाही ना ते बघा, आणि मग डागांवर अर्धा तास ठेवून धुवा. स्वयंपाकघरातलं माडाचं व्हिनेगर वापरू नका, त्याची झाक आणि वास कापडात राहतो.

चेनीवर मेणबत्ती घासून ठेवा. खाऱ्या हवेत याने फार फरक पडतो.

नववी पायरी: दुरुस्ती

चांगला टेलर शोधा, पण काम सांगताना शेजारी उभे राहा. आमच्या डिचोलीच्या टेलरला मी पहिल्यांदा कोपराचं ठिगळ लावायला दिलं तेव्हा त्याने प्रेमाने नवंकोरं गडद कापड लावलं आणि जॅकेट दुसऱ्याचं दिसू लागलं. आता मी ठिगळाचं कापड जॅकेटातूनच काढते: खालच्या खिशांच्या आत किंवा घेराच्या दुमडीत तेवढं कापड असतं, आणि ते तितकंच विटलेलं असतं. धागा सुती घ्या. पॉलिस्टरचा धागा वर्षानुवर्षं गडदच राहतो आणि जॅकेट विटत गेलं की उठून दिसतो.

वेल्क्रो धरत नसेल तर बदलू नका. आधी सुईने त्यातला कचरा आणि केस उपसून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

माझ्या एम-६५ च्या उजव्या खिशावर नावाची पट्टी होती. ती विकणाऱ्याने आधीच काढलेली, पण तिच्या जागी कापड अजून गडद आहे आणि चारही बाजूंनी सुईची बारीक भोकं आहेत. टेलर म्हणाला, "बाय, वर एक छान खिसा लावून झाकून टाकतो." मी नको म्हटलं. मामाने ते जॅकेट हातात घेतलं तेव्हा आधी खिशाच्या तळाशी दोन बोटं दाबली, आणि मग अंगठा त्या गडद चौकोनावरून एकदा फिरवला.